पेडलवरचा पाय

हे खरं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला तुमचं सर्टिफिकेट नकोय.

गेल्या रविवारी, भर दुपारी, ताईच्या घराच्या पोर्चमध्ये घडलं. मी मेकॅनिक आहे. भुताबितांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली.

ताईचे दिवस भरले होते. आणि आमच्या दीडशहाण्या भावजींनी नेमकी आत्ताच एक जुनाट गाडी घेतली. कुणाची? तर मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याची. त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात जायला तो गाडीत बसला, गाडी सुरूच होईना. घाबरून ॲक्सिलरेटरचं पेडल मारत राहिला आणि स्टिअरिंगवरच गेला.

"इंजिन एकदम टकाटक आहे," भावजी म्हणाले.

सुरू होत नव्हतं, एवढंच.

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत होतं, प्लग ओलेचिंब. पेट्रोल अडवणारी नीडल बदलली. आतला पोकळ फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत थेंबही शिरलेला नव्हता. सगळं पुन्हा बसवलं.

तेवढ्यात...

चिर्रक्.

कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी उडाली. पेडल दाबलं की उडते तशी.

"भावजी, पेडल मारू नका! हापसा आहे का तो?"

चिर्रक्... चिर्रक्...

"बहिरे झालात का?"

"काय रे ओरडतोस?"

आवाज मागून आला. भावजी फाटकात उभे होते, मोबाईलमध्ये डोकं घालून.

उघड्या बॉनेटमुळे मला आतलं दिसत नव्हतं. मी बाजूने वाकून पाहिलं...

सीट रिकामी.

पेडल खाली-वर होत होतं. घाईघाईने.

भीती वाटली? वाटली ना. पण आधी डोकं फिरलं. इंजिन पेट्रोलने गुदमरलंय आणि हा माणूस त्याला आणखी पाजतोय! मेल्यावरही अक्कल आली नव्हती.

"काका," मी दरडावलं, "सारखं मारू नका. पेडल तळापर्यंत दाबा आणि दाबून धरा, हवा जाऊ दे आत. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही!"

पेडल खाली गेलं...

तिथेच राहिलं.

मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडाडून सुरू झालं. मी चावी बंद केली आणि फाटकाकडे पळालो.

"ही गाडी वापरू नका," मी म्हणालो.

भावजी हसले. "कार्बोरेटरला घाबरतोस? आणि मेकॅनिक म्हणवतोस!"

त्याच संध्याकाळी ताईला कळा सुरू झाल्या. मला कळायच्या आत दोघं त्याच गाडीतून निघाले होते.

गाडी थांबली ती दवाखान्याच्या भिंतीवर. ताईच्या कपाळाला टाके पडले. बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. आणि बडबडे भावजी आता एकच वाक्य बोलतात, "मी पाय काढला होता रे... पेडल वर आलंच नाही."

गाडी माझ्या गॅरेजमागे उभी आहे. आज खिडकीतून आत पाहिलं.

पेडल अजून तळालाच आहे.

"काका, पाय उचला," एवढंच म्हणायचंय. पण मी म्हणत नाही.

पाय उचलला, की तो गाडीतून उतरेल.