कीबोर्डची पोच

दुपारी दोन वाजता मी भांडायला खाली गेले. चार वाजता विभागप्रमुख बाई माझी ऑपरेटिंग सिस्टीम बघणार होत्या. इवलीशी, विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरती. पण दीड वर्ष घालून ओळ न् ओळ मी लिहिलेली. चालली तर पुढच्या वर्षीचा वर्ग तिच्यावर शिकणार, नाहीतर बाहेरून तयार आणणार. आणि कीबोर्ड एक अक्षर उमटवून मुका झाला होता!

दुरुस्तीच्या खोलीत कानामागे स्क्रू ड्रायव्हर खोचून तिथला तंत्रज्ञ बसला होता. "कसले कीबोर्ड देता हो?" ही आमच्या ओळखीची सुरुवात.

तो दोन नवे घेऊन वर आला. मशीन सुरू झालं, डिस्कवरचा माझा चिमुकला प्रोग्राम जागा झाला, त्याने मोठ्या सिस्टीमला उठवलं, कोपऱ्यातलं घड्याळ पळायला लागलं. कळ दाबली. एक अक्षर... आणि शुकशुकाट. दुसऱ्या कीबोर्डचीही तीच रड. घड्याळ मात्र चालू, म्हणजे चूक माझी असणं शक्यच नव्हतं. मी त्याला नाही नाही ते बोलले. मध्येच त्याने हळूच विचारलं, "कॉफी घ्यायची का... दोघांनी?" मी पडद्यावरून नजरही काढली नाही.

थोडा वेळ माझा कोड वाचून तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने शांतपणे एका जागी बोट ठेवलं. कळ दाबली की प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला हाक जाते. ऐकून झालं की त्या हाकेची पोच द्यायची, एवढी एक ओळ. घड्याळाच्या हाकेला मी ती लिहिली होती. कीबोर्डच्या हाकेला विसरले होते.

"हाका पुढे पाठवणारी चिप थांबलीय बिचारी," तो म्हणाला. "पहिलीची पोच आल्याशिवाय ती कीबोर्डची दुसरी हाक सोडत नाही."

मला भयंकर राग आला. त्याचा, कारण त्याचं बरोबर होतं. आणि माझा, कारण तसल्या घाईतही त्याची लांबसडक बोटं मला दिसत होती. ओळ लिहिली. अक्षरं भराभर उमटली. वर बघते तर तो दोन्ही नवे कीबोर्ड बगलेत मारून निघूनही गेलेला.

बाईंनी पंधरा मिनिटं टाइप करून पाहिलं आणि वर्ग यावरच घेऊ म्हणाल्या. आनंदाने नाचायचं सोडून मी पुन्हा तणतणत जिना उतरले. तो मला आवडला होता, आणि राग त्याचाच होता.

"एकदा विचारून गप्प बसतात का?"

"काय विचारून?"

"कॉफी."

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. डोळ्यांत हसू होतं. "पोच नाही आली तुमची..."



"ही घ्या," मी म्हणाले. "मारा आता दुसरी हाक."

तो उठला, दिवा बंद केला आणि दारात माझ्यासाठी थांबला.

"चल," म्हणाला. अहो-जाहो तिथेच सुटलं.