बर्फातला पंचविसावा चिरूट

विज्ञानाच्या बाहेर या जगात काहीही घडत नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगत असे. घरी जाताना मात्र चिंचेचं झाड टाळून लांबच्या वाटेनं जात असे.

१९६६ साली तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मी गोदाम सांभाळत होतो. नोकरी कच्ची. ती पक्की करणं हॅरिस या अमेरिकन साहेबांच्या हातात, आणि साहेबांचा जीव चिरुटांत. दिल्लीला निघताना त्यांनी रबरी कडीच्या झाकणाची काचेची बरणी माझ्या हवाली केली. आत चोवीस चिरूट. दोघांनी मिळून मोजले. तंबाखूत किडे झालेत, तीन दिवस गोठवून मार, मग थंडी सावकाश उतरू दे आणि सत्तर टक्के दमट हवेत ठेव, असं त्यांनी बजावलं. आमच्याकडे पापडसुद्धा नव्वद टक्क्यांत राहतात, पण मी मान डोलावली. एक जरी कमी भरला तर नोकरी गेली, हेही त्यांनी हसत सांगितलं.

गोठवायचं म्हणजे सातपाटी. तिथल्या मासळीच्या बर्फ कारखान्यात लाद्या पाडणारा जिवल्या माझ्या ओळखीचा. मी बरणी गोठव म्हणालो, त्यानं शब्दशः गोठवली. दगड बांधून साच्यात बुडवली आणि बरणीसकट लादी पाडली. मी कपाळाला हात लावला.

"भाऊ, आता चोराच्या बापालाबी गावनार नाय," जिवल्या म्हणाला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाराला आम्ही लादी बाहेर काढली. बर्फ काचेसारखा स्वच्छ. आतले चिरूट दिसत होते.

त्यांच्यामध्ये एक लाल ठिपका होता.

ठिपका उजळला. मंदावला. पुन्हा उजळला. कुणीतरी सावकाश झुरके घ्यावेत तसा.

जिवल्यानं लादी ओढायचा लोखंडी आकडा खाली ठेवला. "यो कोन ओढतंय?"

मला फक्त माझी नोकरी दिसत होती. लादी फोडली. रबरी कडी जागच्या जागी घट्ट. झाकण उघडलं तर धूर आला.

मोजले.

चोवीस. सगळे अखंड, गार.

तळाशी पंचविसावा. अंगठ्याएवढा उरलेला, गरम. टोक थुंकीनं ओलं.

संध्याकाळी साहेब आले. चिरूट मोजले, नोकरी पक्की केल्याच्या कागदावर सही केली. तेवढ्यात मला प्रामाणिकपणाचा झटका आला आणि मी ते थोटूक पुढे केलं.

त्यांनी ते हुंगलं आणि खाली बसले. म्हणाले, तीन दिवस चिरूट नाही, आज बाराला गाडीत जीव नुसता कासावीस झाला. डोळे मिटून घेतले आणि तलफ आपोआप भागली. तोंडात चवसुद्धा होती. मग हळूच म्हणाले, बरणी परत बर्फात ठेव, माझ्यासमोर आणू नकोस.

मी ती जिवल्याकडे मासळीच्या बर्फात ठेवली. त्यानंतर साहेबांना चिरूट ओढताना कुणी पाहिलं नाही. तोंडाला वास मात्र रोज यायचा.

आठवड्यानं जिवल्या मला शोधत गोदामावर आला. बराच वेळ पायानं माती उकरत राहिला.

"भाऊ, सायबाला सांगा," तो म्हणाला, "राख झाडायला कायतरी द्या. पापलेटावर पडते."