मधलं म्युझिक

मुखडा

"हनुवटी इथे टेकवा. हलू नका. आता सांगा... हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आणि आता? हे, की हे?"

चष्म्याच्या दुकानामागची ती अंधारी खोली म्हणजे तिचं राज्य. दिवसभर माणसं यंत्राला डोळे लावून गुमान बसायची आणि ती भिंगं बदलत राहायची. बदलता बदलता गुणगुणायची, अगदी दबक्या आवाजात, चोरून दूध पिणाऱ्या मांजरीसारखी. जुनी हिंदी गाणी. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. इथेच गुणगुणायची, कारण घरी बंदी होती.

त्या दिवशी होडीतलं गाणं चाललं होतं, वल्ह्यांच्या ठेक्याचं. मुखडा संपला. भिंग शोधायला ती क्षणभर थांबली, आणि...

"टिं टिडी टिंऽ... टिं टिडी टिंऽ... टाऽऽऽ—"

समोरचा माणूस हनुवटी टेकवून, जराही न हलता, व्हायोलिनं वाजवत होता. तोंडाने! अख्खा ताफा! आणि नेमक्या जागी येऊन थांबला.

शब्द काय, कुणालाही येतात. शब्द पाठ असणारे पैशाला पासरी. पण मधलं म्युझिक? ते ज्याला येतं, त्याने गाणं नुसतं ऐकलेलं नसतं, त्यात मुक्काम केलेला असतो.

"घ्या ना," तो म्हणाला. "अंतरा तुमचा."

"हलू नका म्हटलं ना मी?"

"मी कुठे हललो? व्हायोलिनं हलली."

मधलं म्युझिक

"क्रेन चालवता? समोरच्या बांधकामावरची ती उंच, पिवळी?"

"तीच. म्हणून डोळ्यांचं सर्टिफिकेट लागतं. वर केबिनमध्ये मी एकटाच. गायला लागलो तर अडवणार कोण, कावळे?"

"पण गाणं सोडून म्युझिकच का गाता?"

"आमच्या घरात सगळे मिळून गायचे. शब्द आत्याने बळकावले. काकाने टेबलावर तबला. मी शेंडेफळ, मला उरलीसुरली व्हायोलिनं मिळाली."

"आणि बासरी?"

"बासरी येते ना, तिथे मी श्वास घेतो."

"..."

"हसलात वाटतं?"

"काम चाललंय माझं."

"मग दिवा लावा की जरा. इतक्या जवळून तुम्ही माझे डोळे बघताय, आणि मी तुम्हाला अजून पाहिलेलंसुद्धा नाही."

तिने दिवा लावला. जरा उशिराच लावला... केस सारखे करायला वेळ लागतोच.

अंतरा

चष्मा तयार झाला. आठवडाभरात त्याची दांडी ढिली झाली. तिने स्क्रू आवळून दिला. दांडी पुन्हा ढिली झाली.

"तुम्हीच सैल करून आणता ना?"

"छे! मी क्रेनवाला. आम्हाला बोल्ट आवळायला शिकवतात." चष्मा पुढे सरकवत तो म्हणाला, "सैल करायला मी आपला आपण शिकलो."

मग स्क्रूचं निमित्त गळून पडलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. जेवणाच्या सुट्टीत ती बांधकामाच्या पत्र्यांपाशी जाऊन उभी राहायची, आणि तो खाली येण्याआधी वरून रिकामा हूक हळूच वाकायचा, ओळख दिल्यासारखा.

आता घरातलं सांगायला हवं. बाबा निवृत्त हेडमास्तर. जुन्या गाण्यांचे दर्दी. दर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जायच्या, बाबांचे चार-पाच मित्र जमायचे, मखमली फडक्याने तबकड्या पुसल्या जायच्या. नियम एकच: सुई टेकली की आवाज बंद. मान डोलवायची नाही, ठेका धरायचा नाही. गुणगुणणं तर दूरच.

ती लहान असताना एकदा गुणगुणली होती. बाबांनी सुई उचलली. सगळ्या मोठ्या माणसांनी वळून पाहिलं.

"गाणं ऐकायचं असतं, चिवडायचं नसतं. बाहेर."

पुढचं गाणं तिने बाल्कनीतून ऐकलं, काचेला कान लावून. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. नाव चिमणी, आणि चिवचिवाटाला मनाई!

"क्रेनवाला?" तिने लग्नाचं सांगताच बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आण त्याला रविवारी. तबकडी संपेपर्यंत गप्प बसून दाखवू दे. ज्याला तीन मिनिटं तोंड मिटता येत नाही, त्याच्या हातात मी मुलगी देणार नाही."

मी काय तबकडी आहे, हातात द्यायला? हे ती म्हणाली... मनातल्या मनात.

मधलं म्युझिक, पुन्हा

"तीनच मिनिटं. ओठ शिवून बस."

"आणि व्हायोलिनं आली की?"

"गिळ."

"गिळतो. तुझ्यासाठी क्रेनसुद्धा गिळेन. पण मला एक सांग, पुढे तू कुठे गुणगुणणार? जन्मभर त्या अंधाऱ्या खोलीतच?"

"..."

"बासरी आली वाटतं. श्वास घेतेयस."

शेवटचा अंतरा

रविवार. बाबांनी मुद्दाम होडीचंच गाणं काढलं. मधलं म्युझिक इतकं लांब दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नव्हतं. परीक्षा घ्यायची तर कडक, नाहीतर हेडमास्तर कसले!

सुई टेकली. मित्रमंडळींनी डोळे मिटले. मुखडा आला... गेला. आणि व्हायोलिनं उसळली.

क्रेनवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कान लालबुंद. हनुवटी स्थिर, तिच्या यंत्रावर टेकवल्यासारखी. जमत होतं त्याला. पास होत होता तो.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आभाळात बसून गाणारा माणूस इथे अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा बसला होता, आणि त्याला तसं बसवलं होतं तिनेच.

"टिं टिडी टिंऽ..."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि क्रेनवाल्याकडे रोखून पाहिलं. त्याचे ओठ बंद होते.

"टिं टिडी टिंऽ... टाऽऽऽ—"

बाबांनी सुई उचलली.

"चिमणे. बाहेर."

"जाते. ह्याला घेऊन जाते."

"अहो, पण तो तर पास झाला!" एक मित्र कळवळून म्हणाले.

"मी नापास झाले ना काका. आणि बाबा, मी तबकडी नाही, कुणाच्या हातात द्यायला. ह्याचा हात माझी मी धरते."

आणि तिने धरला. जिन्यात उतरता उतरता ती पुन्हा सुरू झाली, मोठ्याने. खालच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं.

"बेसूर आहेस गं," तो कुजबुजला.

"माहितीये. साथ दे."

मग दोघांनी ताफा उचलला. टिं टिडी टिंऽ... टाऽऽऽ आणि लगेच अंतऱ्याचा पहिला शब्द—

"बासरी!!"

दोघं जागीच थांबली. वर कठड्यावरून बाबा वाकले होते.

"व्हायोलिनं संपली की बासरी आहे तिथे! खाऊन टाकलीत अख्खी बासरी! जन्म गेला माझा हे गाणं ऐकण्यात, आणि तुम्ही खुशाल..."

"कशी आहे बासरी?" तिने खालून विचारलं.

"कशी म्हणजे?"

"म्हणजे, दाखवा ना."

बाबांनी मागे पाहिलं. दारात सगळी मित्रमंडळी गोळा झाली होती. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. आणि ओठांचा चंबू केला...

"तूऽऽ तुतूऽ... तुरुतूऽऽ..."

बारीक, थरथरता आवाज. पण एक सूर इकडचा तिकडे नाही. जिथे संपायला हवी, तिथेच बासरी संपली.

तिने अंतरा घेतला. पहिल्या शब्दापासून, भर जिन्यात, भर उजेडात, आपल्या बेसूर गळ्याने.

"बरं... वर या आता," बाबा घसा खाकरत म्हणाले. "चहा निवतोय."

तिने एक पायरी खाली टाकली. "आज नको. पुढच्या रविवारी तुम्हीच या आमच्याकडे."

"आमच्याकडे?" क्रेनवाला गडबडला. "म्हणजे कुणाकडे?"

"हलू नकोस." तिने धरलेला हात त्याच्या डोळ्यांसमोर नेला. "नीट बघून सांग. एकटं बरं, की हे?"

"हे," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, तर दांडी खरोखरच ढिली झाली होती.

ती वर बघून ओरडली, "घर अजून शोधायचंय बाबा! पण नियम ठरलाय. जो गप्प बसेल, त्याला बाहेर काढणार!"