तक्त्यावरचं ‘मी’

आमच्या चर्चच्या दारावर एक पाटी आहे: ‘आत या. आपलेच आहात.’ पाटी पाळकांनी लावली, तिच्यावरची धूळ मी पुसते. बाकीच्या सगळ्या गोष्टींचंही साधारण असंच आहे.

मी या प्रेस्बिटेरियन मंडळीची चिटणीस. म्हणजे कागदावर चिटणीस. प्रत्यक्षात सोमवारी शिवणवर्गाच्या मशिनांवरची आवरणं काढायची, मंगळवारी गायनमंडळाच्या वह्या मांडायच्या, बुधवारी आजारी माणसांच्या घरभेटी जुळवायच्या, गुरुवारच्या मोफत जेवणासाठी भाज्या चिरायच्या, शुक्रवारी प्रार्थनासभेच्या खुर्च्या गोल लावायच्या, शनिवारी फुलं बघायची आणि रविवारी उपासनेनंतर एकशे दहा कप धुवायचे. या सगळ्यासाठी मागच्या हॉलमध्ये एक मोठा तक्ता टांगलेला आहे. वरती वार, डावीकडे काम, आणि मधल्या चौकटीत ज्यानं ते काम घेतलं त्यानं आपलं नाव लिहायचं. पेन दोरीनं बांधलंय, कारण न बांधलेलं पेन आमच्याकडे पुढचा रविवार बघत नाही.

तक्ता रिकामाच असतो. मंडळी दोनशेची आहे, मायाळू आहे, स्तोत्र म्हणायला लागली की छप्पर हलतं. पण तक्त्यासमोर आलं की प्रत्येकाला घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. मग मी हॉलच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं म्हणते, “सगळं मीच करायचं का?” हे मी इतक्यांदा म्हटलंय की गायनमंडळातली मंडळी त्याला चाल लावणार आहेत म्हणे.

पहिल्यांदा ते दिसलं कपांच्या चौकटीत. निळ्या शाईत एकच अक्षर: मी.

माझं डोकंच फिरलं. नाव लिहा म्हटलं तर ‘मी’! अरे, मी म्हणजे कोण? उद्या काम झालं नाही तर मी कुणाला धरायचं? आमच्या राखणदाराला विचारलं. त्याला सगळे नाइलाजकाका म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं.

“काका, हे ‘मी’ कुणी लिहिलं?”

“नाइलाज आहे बाई. मी नाही.”

“मी नाही म्हणजे तुम्ही नाही, की तुम्ही ‘मी’ नाही?”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि तो झाडू घेऊन निघून गेला. तेव्हा मला हसूही आलं होतं.

त्या रविवारी उपासनेनंतर दोन आज्यांनी मला बोलण्यात गुंतवलं. सुटका करून घेऊन मी स्वयंपाकघरात गेले तर एकशे दहाच्या एकशे दहा कप धुवून पालथे घातलेले. कान सगळ्यांचे उजवीकडे. फडकं चौपदरी घडी घालून नळावर टाकलेलं. मी मनात म्हटलं, कुणीतरी शहाणं माणूस निघालं एकदाचं. या मंडळीत माझ्यासारखं काम करणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खुर्च्यांच्या चौकटीत ‘मी’. मग वह्यांच्या. मग भाज्यांच्या. गुरुवारी गाजरं तिरकी चिरून पाण्यात टाकलेली, देठं वेगळ्या कागदात गुंडाळलेली, सुरी धुवून उभी करून ठेवलेली. कुणी आलेलं कुणाला दिसायचं नाही, आणि दिसलं तरी कुणी विचारायचं नाही. कारण आमच्या पाळकांचा एक लाडका नियम आहे. दारात आलेल्या माणसाला ‘आपण कोण?’ असं विचारायचं नाही. ‘या’ म्हणायचं, बस. माणसाला हिशेब द्यावा लागता कामा नये, असं ते म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातं, कामं करणाऱ्यांच्या नावांचं दर आठवड्याचं पत्रक मला छापावं लागतं.

तरी मी त्यांच्याकडे गेले.

“पाळकसाहेब, हे ‘मी’ कोण आहे ते कळलं पाहिजे.”

“कुणीतरी नम्र माणूस असेल हो. नाव नको असेल त्यांना.”

“नाव नको, तर मग तक्ता कशाला?”

“काम होतंय ना?” ते गोड हसून म्हणाले. “तुम्हीच म्हणायचात ना, सगळं मीच करायचं का म्हणून? देवानं ऐकलं असेल.”

या माणसावर चिडताही येत नाही. मी हॉलमध्ये आले आणि तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलं: ‘कृपया पूर्ण नाव लिहावे.’ खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या चौकटीत उत्तर होतं.

मीच.

आता हे सगळं सांगताना एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना माझी मलाच लाज वाटते. माझा भार हलका झाला होता. दिवसाचे दोन-तीन तास मोकळे मिळत होते. ते घेऊन मी घरी जायला हवं होतं. पण मी चर्चची कपाटं आवरायला काढली.

घरी आई होती. ब्याऐंशी वर्षांची, जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलेली मास्तरीण. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायची. मी दिवसभर बाहेर, म्हणून दाराला आतून कडी लावून बसायची. बोटं संधिवातानं वाकलेली, त्यामुळे कडी काढायला आणि लावायला तिला तीन-तीन खेपा लागायच्या. आधी आतून विचारायची, “कोण?” मी म्हणायची, “मी.” मग वॉकरची टकटक, कडीची खडखड, आणि दार. त्या घरात ‘मी’ म्हणणारं माणूस मी एकटीच. तेवढं तिला पुरायचं.

तिचं मागणं एकच होतं. “एखाद्या बुधवारी नुसती बस ना गं माझ्याजवळ. काही करू नकोस. नुसती बस.”

पण बुधवारी घरभेटी. साऱ्या मंडळीतल्या आजाऱ्यांकडे कोण जाणार हे मी जुळवायची, आणि तक्त्यावर घरभेटींखाली माझ्या आईच्या नावासमोरची चौकट दोन महिने रिकामी. कुणाला वाटत असेल, तिची मुलगी आहे की. मीही हट्टानं ती रिकामीच ठेवली होती. बघू या, कुणाला सुचतंय का. अशा हट्टाचं काय होतं ते आज कळतं.

एका मंगळवारी त्या चौकटीत ‘मी’ दिसलं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

बुधवारी सहाला घरी पोचले. आईचा चेहरा उजळलेला. गादीवर हात पसरून दाखवत होती. नखं कापलेली होती, नीट, गोलसर, वाकड्या बोटांचीसुद्धा.

“कोण आलं होतं, आई?”

“म्हणजे काय? तूच आलीस ना दुपारी.”

“मी चर्चमध्ये होते.”

“चल, थट्टा करू नकोस. दोन तास बसलीस.” ती माझा हात थोपटत म्हणाली, “आणि काय गं, आज एकदाही वैतागली नाहीस.”

मी समजूत घातली, तिची नाही, माझी. औषधांनी गुंगी येते. दुपारी डोळा लागतो. चर्चमधली कुणी बाई आली असेल, हिनं तिलाच मी समजलं. पण मग दारातून ‘कोण?’ विचारल्यावर त्या बाईनं काय उत्तर दिलं असेल, हा विचार मला रात्रभर सोडेना.

सकाळी नाइलाजकाकाला गाठलं. “काल दुपारी मी कुठे होते, सांगा बरं.”

“नाइलाज आहे बाई, मी काय पाळत ठेवतो का? साडेतीनला निघालात. मला हात केलात.”

“मी साडेपाचपर्यंत शिवणाच्या खोलीत होते!”

“बघितलं ते सांगितलं,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा निरखून बघत राहिला. “हसलात पण. मला नवलच वाटलं.”

मी तक्त्यापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नीट बघितला. इतके दिवस मी शब्द वाचत होते, अक्षर बघितलंच नव्हतं. ‘म’ची गाठ खाली ओढलेली. वेलांटी अर्ध्यातच सोडलेली. आणि वरती शिरोरेषा नाही.

शिरोरेषा मी देत नाही. घाईत लिहायची सवय, पहिल्यापासूनचीच. आई लहानपणापासून ओरडायची, “बोडकी अक्षरं काढू नकोस, डोक्यावर रेघ दे.” मी कधी दिली नाही. तक्त्यावर सोमवारपासून रविवारपर्यंत, चौकटीमागून चौकट, सगळीकडे माझंच अक्षर होतं. आणि मी त्यातलं एकही लिहिलं नव्हतं.

कुणाला सांगणार? पाळक म्हणाले असते, विश्रांती घ्या. मी दोरी कापून पेन पर्समध्ये टाकलं. सोमवारी तक्ता भरलेला होता.

पुढचे दोन बुधवार मी घरी थांबायचं ठरवलं होतं. एकदा अंत्यविधी निघाला, एकदा ऑर्गनची दुरुस्ती. दोन्ही वेळा चिटणीस हवीच. दोन्ही वेळा आई संध्याकाळी आनंदात होती, केस विंचरलेले, अंथरूण बदललेलं. मी तिला बजावलं, “आई, दुपारी कुणी आलं तर कडी काढू नकोस.”

“तू आलीस तरी?”

मी उगाच तिची उशी सारखी केली.

तिच्या उशाजवळ एक वही होती. “तुझं अक्षर सुधारतंय हं,” ती म्हणाली. “उशिरा का होईना, ऐकलंस.” मी वही उघडली. पानभर एकच शब्द घोटलेला. पहिल्या ओळीत बोडका. शेवटच्या ओळीत त्याच्यावर सरळ, सुंदर रेघ.

आज बुधवार. सव्वातीनला मी तक्त्यापुढे गेले. आईच्या चौकटीत ‘मी’ होतं, डोक्यावर रेघ असलेलं. माझ्यापेक्षा कितीतरी देखणं. मी पर्समधून पेन काढून ते खोडलं, कागद फाटेपर्यंत खोडलं, आणि शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं. उद्याच्या भाज्या तशाच टाकल्या. पत्रक तसंच टाकलं. ज्यांना करायचं त्यांनी करा.

फाटकात नाइलाजकाका होता.

“परत कुठं निघालात?” तो म्हणाला. “आत्ता तर गेलात.”

मी धावले. या वयात, भर रस्त्यातून, चपला हातात घेऊन धावले.

दुपारचं लख्ख ऊन जिन्यावर पडलं होतं. शेजाऱ्यांकडे कुकरची शिट्टी झाली. मी दार वाजवलं.

“कोण?” आईचा आवाज.

“मी.”



“मी कोण?”

हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

“अगं आई, मी!”

वॉकरची टकटक जवळ आली. कडी निघाली तिसऱ्या खेपेला, तिच्याच हातानं, पण दार चारच बोटं उघडलं. आईनं फटीतून मला बघितलं. पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू हसली.

“आपण चर्चकडून आलात का?”

“आई, काय बोलतेस?”

“फार उपकार झाले. पण आता कुणी यायची गरज नाही हो. माझी मुलगी असते हल्ली घरी.”

आतून, माझ्या खोलीच्या बाजूनं, आवाज आला. तो मी रोज ऐकते. फक्त त्यात त्रागा नव्हता.

“कोण आहे गं, आई?”

“चर्चच्या बाई आहेत. दमलेल्या दिसतात बिचाऱ्या.”

“त्यांना सांग, बुधवार माझा आहे. आणि तक्त्यावर खोडाखोड करू नका म्हणावं.”

आईनं माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी मान हलवली. दार मिटलं.

कडी एकाच खेपेत लागली.