कमी नको, जास्त नको

त्या दिवशी पाऊस इतका तिरका पडत होता की रांगेतल्या सगळ्यांचे डावे खांदे चिंब आणि उजवे ठणठणीत कोरडे. रांग नोकरीची. बसडेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात दोन मदतनीस हवे होते. दारावर कागद डकवलेला – शिक्षण : दहावी. कमी नको, जास्त नको. जास्त शिकलेली माणसं टिकत नाहीत, आणि असतात तोवर वाद घालतात, असा तिथल्या साहेबांचा अनुभव.

तिच्याकडे छत्री नव्हती. आणि एकाएकी तिच्यापुरता पाऊस थांबला. वळून बघते तर मागे एक उंच, हसऱ्या डोळ्यांचा तरुण. हातात काळी छत्री. छत्रीला बोराएवढं भोक, आणि ते त्याने बरोब्बर स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं. नाकाच्या शेंड्यावरून धार लागली होती.

"अहो, तुम्ही भिजताय!"

"मी कुठे? नुसती टाळू भिजतेय. तेवढंच डोकं थंड राहतं." त्याने नाक पुसलं. "दहावी?"

"दहावी," ती म्हणाली. "तुम्ही?"

"काठावर... पण दहावीच."

ती साफ खोटं बोलत होती. दहावीनंतर तिने पदवी घेतली होती, मग तिच्यावरची पदवी, आणि मग गोगलगाईंवर सात वर्षं घालवून चारशे बारा पानांची डॉक्टरेट. त्यानंतर एकतीस ठिकाणांहून नकार. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. तेव्हा बाईंनी दहावीनंतरची चौदा वर्षं पदरात लपवली आणि रांगेत उभ्या राहिल्या.

दोघांनाही नोकरी लागली.

खातं म्हणजे एक लांबलचक खोली. माणसं बसमध्ये काय काय विसरतात! कवळ्या, बँडातला ट्रॉम्बोन, लग्नाचा सूट, एकदा तर चक्क सासूबाई... त्या दोन तास बाकावर बसून होत्या, आणि जावई न्यायला आले तेव्हा रीतसर सही करून गेले. छत्र्या तर अकराशे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, सहा महिने वाट बघायची, मग लिलाव. चिठ्ठ्या ती लिहायची, कारण तो म्हणे, "माझं अक्षर बघून मालक आपली वस्तू नाकारतील." पण अकराशे छत्र्यांपैकी कुठली कोणत्या बसमधली, हे त्याला तोंडपाठ होतं.

"एवढं लक्षात कसं राहतं रे?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"छत्र्यांचं काही नाही. कालची तुझी ओढणी पिवळी, परवाची निळी, आणि सोमवारी तू एकदाही हसली नाहीस... ते लक्षात ठेवायला मेहनत पडते."

ती लाजून चिठ्ठीवर गाठीवर गाठ मारत बसायची.

एकदा खिडकीच्या गजावर गोगलगाय दिसली. तो रंगात येऊन सांगू लागला, "लहानपणी एक आमच्या भिंतीला चिकटली होती. दार लावून झोपली ती दोन वर्षं! मी रोज बघायचो. मग एके दिवशी तांब्याभर पाणी मारलं, तर बाईसाहेब शिंगं काढून चालायला लागल्या."

"दोन वर्षं? नक्की?"

"मोजलीत मी. तुला काय कळणार त्यातलं!"

तिच्या चारशे बारा पानांत लिहिलं होतं – फार तर एक वर्ष.

मग ती मेली फाईल हरवली. शनिवारी ती बत्तिसाव्या नकारासाठी गेली होती. परतताना बसमध्ये डुलकी लागली आणि सगळी प्रमाणपत्रं सीटवरच राहिली. सीटवर राहिलेलं सगळं कुठे येतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सोमवारी ती धापा टाकत पोचली, तर तो आधीच आलेला. त्याने काउंटरखालून तपकिरी फाईल काढली आणि गुपचूप तिच्या पिशवीत सरकवली. वहीत नोंद केली नव्हती.

"उघडलीस?"

"नाव बघायला उघडावी लागते."

"वाचलीस?"

"चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येते तेवढी."

"चौथी? पण तुझं प्रमाणपत्र..."

"मावसभावाचं. तोंडावळा सारखा आहे, अक्कल नाही." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी तुला गोगलगाय शिकवत होतो गं. मनात हसली असशील."

"नाही रे! उलट तू जे सांगितलंस ना, ते माझ्या–"

"तपकिरी फाईल, एक!" साहेब दारात उभे होते. हातात कंडक्टरची यादी. "शनिवारी जमा झाली. वहीत नाही. कुठाय?"

फाईल तिच्या खांद्याला लटकत होती. एकच शब्द बोलायचा होता... माझी. तिला वडिलांचा पलंग दिसला. एकतीस पाकिटं दिसली, आणि बत्तिसावं वाटेत असलेलं. चारशे बारा पानं लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून तीन अक्षरांचा– नाही, दोनच अक्षरांचा शब्द फुटेना.

तो तिच्याकडे बघत होता. क्षणभर... मग आणखी एक क्षण. मग वळला.

"माझ्याकडून हरवली, साहेब."

"हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात वस्तू हरवली? हिशेब करून घे आणि नीघ."

ती पावसात धावत सुटली. फाटकाशी त्याला गाठलं.

"मी सांगते त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"काय सांगशील? मी कमी, तू जास्त... दोघंही बाहेर. वडिलांना काय घालशील?"

"मला तू आवडतोस," ती रडत म्हणाली. "त्या रांगेपासून. तू चौथी असलास काय आणि–"

"माहीत आहे." त्याने तिच्या कपाळावरचे ओले केस बोटाने बाजूला केले. "तू बोलायला लागली असतीस ना, तर मीच तुझ्या तोंडावर हात ठेवला असता. देवाशपथ. पण मी वाट बघितली गं... आणि तू बोलली नाहीस."

तो गेला. उघड्या डोक्याने, भिजत. छत्री आतच, ढिगात राहिली होती.

अकराशे छत्र्यांत त्याची कोणती, ते सांगणारा तर गेला. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत अंगणात उभी राहायची आणि एकेक छत्री उघडून डोक्यावर धरायची. लोक म्हणाले, बाई फिरली. अकराव्या दिवशी टाळूवर टपकन थेंब पडला. ती तिथेच खाली बसली.

तिने चिठ्ठी बांधली. छत्री, काळी, एक भोक. मालक : माहीत आहे. पत्ता : माहीत नाही.

दर सहा महिन्यांनी लिलावाच्या आदल्या दिवशी ती त्या चिठ्ठीवरची तारीख बदलते. तारीख बदलण्याची ही सतरावी खेप. वडील गेले. साहेब निवृत्त झाले, त्यांची जागा निघाली, तर तिथे पदवीधर हवा होता. तिला अर्ज करता आला नाही. ती दहावी.

पाऊस आला की ती अंगणात त्या छत्रीखाली उभी राहते. शेजारी एका माणसाची कोरडी जागा सोडून, स्वतः भोकाखाली.