‘तटकन्या’ची बरगडी

आमच्या ‘तटकन्या’ जहाजाची एक बरगडी कुजली होती, आणि तिच्या जागी बसेल अशी वाकडी फांदी आणायला आम्ही कशेळ्याच्या वरच्या रानात चढलो होतो!

‘तटकन्या’ ही नौदलाची जुनी, पाण्यातले सुरुंग काढणारी नौका. लोखंड जवळ आलं की फुटणारे सुरुंग असतात, म्हणून तिचं अंग सगळं लाकडाचं. आता तिच्यावर आम्ही छात्र शिकतो. शुक्रवारच्या तपासणीआधी बरगडी बसली नाही, तर ती थेट भंगारात. आणि मी, खालापूरची संध्या, जिच्या हाती तिचं सुकाणू पहिल्यांदाच येणार होतं, ती बसणार घरी माशा मारत!

वादळात पडलेला साग वनखात्याने दिला होता. सोबत माझ्या तुकडीतला रुद्र आणि वरच्या वाडीतले गोमादादा. फांदीला साचा लावून पाहिला. तंतोतंत! पण वजन पाच पोत्यांचं, आणि टेंपो पार खाली ओढ्याकाठी.

"दोन तुकडे करू या गं," रुद्र घाम पुसत म्हणाला.

"कर की. चुलीला बरे हायेत," गोमादादा म्हणाले. "बरगडी पायजे तर अखंडच न्यायची."

त्यांनी वाटेवर ओल्या फांद्या आडव्या टाकायला सांगितल्या, म्हणजे ओंडका सावकाश सरकतो. ओंडक्याला बांधलेला दोर मागून मी धरला होता. तासाभरात अर्धा उतार झाला. पण रुद्रला कुठला धीर? त्याने गुळगुळीत वाळके दांडे टाकले.

ओंडका सुटला!

समोर कडा. खाली खोल घळ. "दोर सोड!" रुद्र ओरडला. सोडते कशाला! जहाज धक्क्याला बांधतात तसे दोराचे दोन वेढे मी ऐनाच्या बुंध्याला मारले आणि पाय रोवले. दोर करकरला. तळवे सोलले. आई गं! कड्याच्या वीतभर अलीकडे ओंडका थांबला. गोमादादांनी धावत जाऊन पुढे धोंडा सारला.

"ओढा रं!"

रुद्र स्वतःलाच शिव्या घालत ओढत होता. तसूतसूने आम्ही ओंडका वाटेवर घेतला. माझ्या हातांवर दगडीपाला चोळत गोमादादा म्हणाले, "लई चिवट हाईस गं पोरी." संध्याकाळी ओंडका टेंपोत चढला, आणि गोदीतल्या सुतारांनी रात्रंदिवस खपून तो तासून जहाजात बसवला.

शुक्रवारी अधिकाऱ्यांनी नव्या बरगडीवर हातोडी मारली. खण्ण! "पास!" आम्ही टोप्या उडवल्या.

"सुकाणूवर कोण?" कप्तानांनी विचारलं.

"मी, सर!"

माझ्या हातांच्या पट्ट्या बघून पाहुणे म्हणून आलेले गोमादादा पुटपुटले, "धरवंल का गं?"

"दादा, ओंडका धरला, ही तर तरंगतेय!"

आणि ‘तटकन्या’ भोंगा वाजवत बंदराबाहेर पडली!