सलाउद्दीनचाचांचं अमदावाद

ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेली. आता, त्या वेळी डोळे मिटलेले होते, ही गोष्ट वेगळी. आणि रात्रही नव्हती. भर वैशाखातली दुपार होती. भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं कुणी ठरवलं? कंदिलाची वात तेवढी वर करा आणि ऐका.

मानमोडीची साथ येऊन गेली त्यानंतरची ही वर्षं. रनाळ्याला माझे भाऊ शेती करीत, मला मातीचा कंटाळा. मी सुरतेहून बायस्कोपची एक पेटी आणली होती. पत्र्याची, पुढे गोल काचा, आत गुंडाळीवर छापील चित्रं. एका हातानं दांडी फिरवायची आणि तोंडानं शहरं सांगायची. दिल्लीचा किल्ला, विजापूरचा घुमट, बऱ्हाणपूरचा हमामखाना, अमदावादचे हलते मिनार. ज्या गावी बाजार त्या गावी मी. लोक गुडघे टेकून काचेला डोळा लावत. पेटीत बघत, माझ्याकडे कुणी बघत नसे. बाजार उठला की पेटी उशाला घेऊन एखाद्या ओट्यावर आडवं व्हायचं. लग्न केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, बायकोला मानमोडीनं नेलं. ते असो.

खरं सांगायचं तर यातलं एकही शहर मी पाहिलेलं नव्हतं. विजापूरच्या घुमटाला मी बेधडक चार मजले चढवायचो आणि अमदावादचे मिनार दर शुक्रवारी आपसूक डोलतात असं सांगायचो. अक्कलकुव्याला शांतीलाल म्हणून एक कापसाचा दलाल होता, त्यानं भर बाजारात मला धरलं.

"दोधू, तू अमदावाद देखेल शे का, का नुसती इंजननी वाफ देखीसन बोलस?"

लोक हसले. मीही हसलो. पण त्या बाजारात पुन्हा कुणी गुडघा टेकला नाही. तेव्हा मी नंदुरबारला सलाउद्दीनचाचांकडे गेलो.

सलाउद्दीनचाचा दगडात जाळ्या कोरणारे कारागीर. तरुणपण सगळं जुन्या मशिदी आणि मकबऱ्यांच्या डागडुजीत गेलेलं; आज बऱ्हाणपूर, उद्या मांडू, मग अमदावाद. आता दृष्टी गेली होती. विधवा मुलगी चांदबी गोधड्या शिवून दोघांचं भागवायची. घर म्हणजे एका अरुंद बोळातली एक खोली. उन्हामुळे दार लोटलेलं, खिडकीला गोणपाट. आत गेलो तर काही दिसेना. नुसता ओल्या माठाचा वास आणि म्हाताऱ्याचा श्वास.

मी माझी अडचण सांगितली. चाचांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "सांगता येत नही. दखाडनं पडस. डोया मीट. हात दे."

मला गंमत वाटली. मी डोळे मिटले, हात दिला. तो हात म्हणजे कानसच होती.

त्यांनी मला थेट कुठल्या इमारतीत नेलं नाही. बसल्या जागीच आधी नंदुरबार स्टेशनात नेलं, गाडीत बसवलं, खिडकीतून तापी दाखवली. बऱ्हाणपूरला उतरवून वेशीतून आत घेतलं. ते फार बोलत नसत. डावीकडे भिंत शे, हात लाव. आते पायरी शे. आते वहाणा काढ. एवढंच. पण हात लावावा तर भिंत गार लागे. हमामखान्यात शिरलो तेव्हा माझ्या पाठीवर थंडीचा काटा आला. बाहेर नंदुरबारात वैशाख जळत होता, आणि माझे दात वाजत होते.

असे आम्ही कितीतरी दुपारी हिंडलो. मांडूला दोन तलावांच्या मधोमध उभा असलेला तो महाल, गच्चीवर चढलो की जहाजावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. विजापूरच्या घुमटाखाली मी खाकरलो तर ते खाकरणं वर फिरत फिरत किती वेळ उतरतच होतं. चाचांचा नियम एकच. परतताना आलो त्याच वाटेनं परतायचं. वेस, गल्ली, स्टेशन, गाडी, नंदुरबार, बोळ, मग डोळे उघडायचे. कारागीर बांबूच्या परांचीवर ज्या बाजूनं चढतो त्याच बाजूनं उतरतो, असं ते सांगत. मी मधेच एकदा डोळे उघडले तर थोबाडीत बसली. आंधळ्या माणसाला कसं कळलं, ते विचारू नका.

माझा धंदा मात्र जोरात चालला. खांडबाऱ्याला बाया पेटीपुढून उठेनात. मी दांडी फिरवायचो आणि दगडाचा गारवा सांगायचो, खोटं बोलायची गरजच उरली नाही.

एके दिवशी निघताना चांदबी दारापर्यंत आली. आवाज खाली आणून बोलू लागली.

"दोधूभाऊ, अब्बा एकला जातस ना, त लवकर येत नहीत. मी भाकर पुढे ठेवस, ती सुकी जास. तुम्ही संगे ऱ्हातस तव्हय येतस." मग म्हणाली, "हात सोडू नका, भाऊ... माले दुसरं कोणी नही."

मग तिनंच ते सगळं सांगितलं. चाचा तरुणपणी अमदावादच्या एका मोठ्या मशिदीत कामाला होते. दुपारी बायको, सकीना, भाकरी घेऊन यायची आणि खांबांच्या पार मागे एका जाळीपाशी बसायची. शहरात प्लेग आला तेव्हाही ती आली. खालून तिनं हाक मारली, अंगात ताप आहे म्हणाली. चाचा परांचीवर होते. एवढा दगड बसवतो आणि उतरतो, म्हणाले. दगड नीट बसला. चाचा उतरले तेव्हा ती जाळीला टेकून बसलेली होती, आणि भाकरी फडक्यात तशीच होती.

"अमदावादले जाऊ नका," चांदबी म्हणाली.

मी हो म्हणालो. पण पेटीतलं माझं सगळ्यात देखणं चित्र अमदावादचं होतं, आणि अक्कलकुव्यात मला शांतीलालचं तोंड बंद करायचं होतं. शिवाय नेणारे चाचा होते. मी कुठे नेत होतो?

आम्ही अमदावादला गेलो. एकदा नाही, पुष्कळदा. मोठ्या दरवाज्यातून आत शिरलं की फरसबंदीचं भलंमोठं अंगण, मधे हौद. हौदावर पारव्यांचा आवाज. पलीकडे सावलीत खांब. खांबांमागे खांब, त्यांच्यामागे आणखी, नजर पोचते तिथं नुसता अंधार, आणि त्या अंधारात ओल्या चुन्याचा वास. चाचा रोज एक ओळ पुढे जायचे. थांबायचे. ऐकायचे. मग मी म्हणायचो, "चाचा, घर चाला." ते मुकाट वळायचे. चांदबी आम्हा दोघांना डोळे उघडताना बघायची आणि मग सुईत दोरा ओवायची.

त्या दुपारी आम्ही नेहमीपेक्षा आत गेलो. पारव्यांचा आवाज मागे राहिला. पुढे कुठेतरी उजेडाचे बारीक तुकडे जमिनीवर पडले होते. जाळीतून पडतात तसे. आणि मला बांगड्या वाजल्याचा आवाज आला. अगदी हळू. कुणी फडक्याची गाठ सोडताना वाजतात ना, तशा.

चाचांनी मान त्या आवाजाकडे वळवली.

"चाचा... घर चाला," मी म्हणालो.

"तू आठे उभा ऱ्हाय," ते म्हणाले. "मी देखी येस."

मी हात घट्ट धरला होता. पण कानशीसारखा खरखरीत तो हात माझ्या मुठीतून पाण्यासारखा निघून गेला. त्यांची पावलं मला ऐकू येत होती. सरळ, न चाचपडता जाणारी. आंधळ्याची पावलं तशी नसतात. मग ती थांबली. कुणीतरी काहीतरी बोललं. मग काहीच नाही.

मी खांबापाशी उभा राहिलो.

किती वेळ, ते सांगता येणार नाही, कारण जमिनीवरचे ते उजेडाचे तुकडे जागचे हललेच नाहीत. मी हाका मारल्या. माझाच आवाज खांबांमधून फिरून आला, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. शेवटी ठरवलं, थोबाडीत बसली तर बसू दे, डोळे उघडू. उघडायला गेलो...

ते उघडेच होते.

मग मी पळालो. अंगण, हौद, दरवाजा. दरवाज्यात माझ्या वहाणा होत्या, त्यांच्या नव्हत्या. बाहेर बाजार मांडलेला. अत्तराच्या बाटल्या, कापडाचे तागे, तराजूच्या पारड्यात अर्धवट तोललेला खजूर. माणूस एक नाही. पुढच्या गल्लीतही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मोठमोठ्या कमानी, वरती सज्जे, सज्ज्यांत वाळत घातलेली लुगडी, आणि सगळ्या त्या शहरात पावलं वाजत होती ती माझी. स्टेशनची गल्ली सापडेना. प्रत्येक गल्ली फिरून त्याच दरवाज्याशी येई. मी भाऊ आठवले, बायको आठवली, ज्याला ज्याला माझं नाव ठाऊक होतं तो प्रत्येक जण आठवून पाहिला. फार वेळ लागला नाही.

तेवढ्यात हाक आली. "दोधूभाऊ..." चांदबीचा आवाज. मी त्या आवाजाच्या रोखानं धावलो, आणि खोलीत होतो. ओल्या माठाचा वास. माझ्या हातात चाचांचा हात.

हात गरम होता. श्वास चालू होता. डोळे उघडे, चेहरा प्रसन्न. पण चाचा तिथे नव्हते.

चांदबी रडली नाही. तिनं मला एकदाच म्हटलं, जाऊन घेऊन या. मी दुसऱ्या दिवशी बसलो, तिसऱ्या दिवशी बसलो. हात धरला, डोळे मिटले. पापण्यांचा लाल अंधार, बस. ती बाजूला बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हणून मान हलवली तेव्हा ती उठली आणि तिनं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून बापाच्या ओठांना लावला. पावसाळा लागेपर्यंत ती हे करीत होती. मग श्वासही थांबला. त्यानंतर चांदबी त्या खोलीत एकटीच एकच गोधडी शिवत बसायची, आणि ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात खांडबाऱ्याच्या स्टेशनवर मला जहीर भेटला. तंबाखूचा व्यापारी, माझ्या ओळखीचा, नुकताच अमदावादहून परतलेला. मला बघून तो जरा रागावल्यासारखाच बोलला. तिथं जायचं होतं तर सांगायचंस, सोबत गेलो असतो. मी म्हणालो, मी कुठे गेलो? तर म्हणे, थट्टा पुरे. मोठ्या मशिदीत, आतल्या खांबांत, वहाणा न घालता उभा होतास. त्यानं म्हणे चांगलं जवळ येऊन मला हाकही मारली.

"मग?"

"तू वळना नही. कोनीतरी येवानं शे, अशा उभा व्हतास."

मी पेटी त्याच आठवड्यात विकली.

आता कबूल करतो. या गोष्टीत एक जागा मी पदरची घातली आहे, कारण ऐकणारा विचारतोच, मग तू बाहेर कसा आलास? चांदबीची हाक. तशी हाक आली नाही. ती त्या दुपारी गोधड्या पोचवायला गेली होती, दिवेलागणीला परतली. मला कुणीच हाक मारली नाही. अंधार पडला होता, मी चाचांचा हात धरून बसलो होतो, एवढंच मला ठाऊक आहे. त्याच्या आधीचं शेवटचं आठवतं ते म्हणजे मी गल्ल्यांतून दमून परत आलो, वहाणा दरवाज्यात काढल्या, आणि चाचांनी सांगितलं होतं तिथं, त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो.